थव्यातला मासा एकटा ठेवू नका



या सदरात आपण एरवी शाळेची फी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पतपेढीचे कर्ज असे विषय घेतो. आजचा विषय थोडा निराळा वाटेल. घरात काचेच्या टाकीत पाळले जाणारे लहान मासे, हा तो विषय. कोणी म्हणेल, "भाऊ, हे पैसेवाल्यांचे चोचले, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत कशाला?" पण वस्तीत फिरताना उलटेच दिसते. मुलाचा वाढदिवस आला, परीक्षेत चांगले गुण मिळाले, की बाप त्याला बाजारातून काचेचा गोल वाडगा आणि पिशवीतले दोन चमकते मासे आणून देतो. आठ-दहा दिवसांत एक मासा उलटा तरंगतो आणि दोन दिवसांनी दुसरा. मूल रडते, आई वाडगा माळ्यावर टाकते आणि दीड-दोनशे रुपयांचा चुराडा होतो. हौस गरिबाची असो वा श्रीमंताची, ती समजून केली तर स्वस्त पडते आणि न समजता केली तर महाग पडते. शिवाय इथे एका जिवाचाही प्रश्न आहे. म्हणून हा लेख.

पीडा कोणाची, कोणावर?

मासा मेला की घरातले कोणीतरी म्हणतेच, "जाऊ दे, घरावरची पीडा त्याने आपल्या अंगावर घेतली." दुकानदारही मान हलवतो, "चांगले झाले ताई, संकट टळले," आणि दुसरा मासा पिशवीत बांधून देतो. कोणी सांगते, आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवा, पैसा येईल. कोणी टाकीची दिशा सांगते.

माझे म्हणणे एवढेच, की जरा हिशेब करा. मासे बहुतेक घरांत आणल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच का मरतात? चाळीतल्या सगळ्या घरांवरची संकटे काय दुसऱ्या रविवारचा मुहूर्त धरून येतात? संकट घराचे नसते, ते त्या वाडग्यातल्या पाण्याचे असते. त्याचे नाव अमोनिया. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच पीडेच्या गोष्टीला जागा मिळते. कारण कळले की गोष्ट आपोआप गळून पडते आणि मासाही वाचतो.

पाण्याची जमा-खर्चाची वही

मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांवाटेही घाण सोडतो. न खाल्लेला दाणा तळाशी कुजतो. या सगळ्यातून पाण्यात अमोनिया जमा होतो आणि तो माशाचे कल्ले जाळतो. नदीत पाणी भरपूर, वाहते, म्हणून तिथे तो साठत नाही. वाडग्यात मात्र नुसता साठतच जातो.

निसर्गाने त्याची सोय केली आहे. आपल्या कार्यालयात फाईल जशी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, तसेच इथेही चालते. पहिल्या टेबलावरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसऱ्या टेबलावरचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट फार साठले तरच त्रास होतो, आणि पाणी बदलले की ते निघून जाते. विनोग्रॅडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. मातीत पिकांना खत मिळते तेही याच कामामुळे.

अडचण अशी, की नव्या टाकीत हे कर्मचारी भरलेलेच नसतात. वाळूवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजावर त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टाकी आणि मासे एकाच संध्याकाळी घरी आणतो. म्हणजे कार्यालय उघडले, अर्जांचा ढीग लागला आणि कारकून एकही नाही! मग मासा मरतो, यात नवल काय?

उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. टाकीत पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. ते कुजते, अमोनिया होतो, जिवाणू वाढतात. महिना-दीड महिना असे करा. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधल्या स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर वाळू ओलीच आणून आपल्या टाकीत घाला. काम बरेच लवकर होते. तपासणीचे किट दुकानात मिळते. एकट्याला महाग वाटले तर चार घरांनी मिळून घ्यावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवले, की मासे आणायला हरकत नाही.

एकटा मासा म्हणजे भेदरलेला मासा

आता मुख्य मुद्दा. बाजारात मिळणारे बरेचसे लहान मासे, म्हणजे झेब्रा, टेट्रा, बार्ब, रासबोरा, हे थव्याने राहणारे आहेत. त्यांना "एक जोडी द्या" म्हणून घेणे चुकीचे आहे. किमान सहा घ्यावेत, आठ-दहा असतील तर उत्तम.

थवा ही त्यांची हौस नाही, ते त्यांचे संरक्षण आहे. मोठा मासा झडप घालायला आला तर एकाच वेळी वळणाऱ्या दहा-वीस अंगांत त्याला एकावर नेम धरता येत नाही. दोन डोळ्यांपेक्षा चाळीस डोळ्यांना धोका लवकर दिसतो. खाद्य सापडले तरी एकाला सापडते आणि सगळ्यांना कळते.

हे मासे एकमेकांना न धडकता एकदम वळतात कसे? डोळ्यांनी तर बघतातच, पण माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. शेजारचा मासा हलला की पाणी हलते आणि ते या रेघेला कळते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या एका जातीच्या माशांचे डोळे तात्पुरते झाकले, तरी ते थव्याबरोबर पोहत राहिले.

दुसरी गोष्ट त्याहून विचार करण्यासारखी आहे. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी १९७३ चे नोबेल मिळवणारे कार्ल व्हॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवले, की थव्यातल्या एका लहान माशाची कातडी जखमी झाली तर तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळते. ते जाणवताच बाकीचे सगळे भेदरून एकत्र येतात. त्यांनी पाहिलेला मासा आपल्या झेब्रा-बार्बच्याच नातेवाइकांपैकी. म्हणून जाळीने माशांचा पाठलाग करू नये, मुलांना काचेवर टकटक करू देऊ नये. एकाला दुखले, की ते सगळ्या टाकीला कळते.

असा मासा एकटा ठेवला तर तो कोपऱ्यात लपतो, रंग फिका पडतो, खाणे कमी होते. टायगर बार्ब तर संख्येने कमी असले की दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. आपण म्हणतो, मासाच खोडकर आहे. त्याला त्याची सोबत द्या, मग बघा.

कोणता मासा घ्यावा?

दुकानात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो निऑन टेट्रा. निळी चमकती रेघ आणि खाली लाल पट्टा. हा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. शास्त्राला त्याची नोंद झाली १९३६ साली. दाट जंगलाच्या सावलीतल्या, मऊ आणि फार गरम नसलेल्या पाण्याची त्याला सवय. एकवीस ते सव्वीस अंश त्याला मानवते. आपल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय होते, हे मी सांगायला नको. बोअरवेलचे जड पाणीही त्याला सोसत नाही. म्हणून पहिलाच मासा म्हणून निऑन घेऊ नये.

त्यापेक्षा आपला झेब्रा घ्या. अंगावर निळ्या-सोनेरी पट्ट्या, लांबी दीड-दोन इंच, दिवसभर चपळ. हा परदेशी नाही. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत तो राहतो. कंपनी सरकारच्या नोकरीतील डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या शाखांतील माशांवर १८२२ साली पुस्तक लिहिले. त्यात या माशाची पहिली शास्त्रीय नोंद आहे. रोझी बार्ब हा दुसरा देशी मासा, त्याचीही पहिली नोंद त्याच पुस्तकातली. तो मात्र थोडा मोठा होतो, त्याला मोठी टाकी लागते. झेब्रा थंडी सोसतो, बराच उकाडाही सोसतो, नळाचे साधे पाणी त्याला चालते. फक्त उडी चांगली मारतो, म्हणून टाकीवर जाळी किंवा झाकण हवे.

केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटातील नद्यांमध्ये एक सुंदर मासा आहे. व्यापारी त्याला "मिस केरला" म्हणतात. शौकिनांसाठी तो इतका पकडला गेला, की आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. दुकानदाराला निदान विचारावे, मासा नदीतून पकडलेला की पैदास केलेला? झेब्रा आणि रोझी बार्ब यांची पैदास सहज होते, नदी रिकामी करावी लागत नाही.

टाकी, वजन आणि वीज

गोल वाडगा नको. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्यावी. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून ४५ लिटर धरा. पाणी, वाळू, काच मिळून वजन साठ-सत्तर किलो होते, म्हणजे एक मोठा माणूसच! टीव्हीच्या डगमगत्या टेबलावर किंवा भिंतीतल्या फळीवर ती ठेवू नये. खाली थर्माकोलचा पत्रा घालावा. खिडकीच्या उन्हात ठेवली तर पाणी तापते आणि शेवाळ धरते. जुनी टाकी कोणी देत असेल तर आधी अंगणात दोन दिवस भरून ठेवा, गळते का बघा.

वीजबिलाची भीती अनेकांना वाटते. हिशेब मांडतो. हवेच्या मोटरवर चालणारा स्पंज फिल्टर लहान टाकीला पुरतो. मोटर ५ वॅटची धरली आणि ती चोवीस तास चालली तर महिन्याला ३.६ युनिट होतात. १० वॅटचा एलईडी दिवा रोज आठ तास लावला तर २.४ युनिट. एकूण सहा युनिट. मुंबई-कोकणात झेब्रासाठी हीटरची सहसा गरज पडत नाही.

दोन गोष्टी मात्र घरच्या सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात. मोटर नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे मोटरमध्ये येते. आणि टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढा. ओल्या हाताने बटण दाबू नका.

वीज गेली तर घाबरू नये. त्या वेळी खाद्य टाकू नका आणि थोड्या थोड्या वेळाने मगाने टाकीतलेच पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीत ओता. हवा मिसळते. उन्हाळ्यात हे अधिक महत्त्वाचे. कारण पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. वीस अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी टाकी सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी, झाकणाऐवजी जाळी लावून वरून पंख्याचा वारा द्यावा.

बादली कोणी उचलायची?

दर आठवड्याला टाकीतले पाव भाग पाणी बदलायचे असते. म्हणजे दहा-बारा लिटर, एक बादली. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, ते माशांना आणि त्या उपकारी जिवाणूंना दोघांनाही मारते. म्हणून पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावे, नाहीतर दुकानातले क्लोरिन मारणारे थेंब घालावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या. नाहीतर मेहनतीने भरलेले कर्मचारी एका झटक्यात बडतर्फ! काढलेले पाणी गटारात न टाकता कुंडीतल्या कढीपत्त्याला घाला. त्यात नायट्रेट आहे, ते खतच आहे.

आता मला जे स्पष्ट बोलायचे आहे ते बोलतो. आपल्या अनेक वस्त्यांत पाणी दिवसाआड येते. पहाटे रांगेत उभी राहते ती आई नाहीतर थोरली बहीण. हौस मुलाची, कौतुक बापाचे, आणि बादली मात्र बाईच्या कमरेवर! हे चालणार नाही. टाकी घरात आणण्यापूर्वी बापलेकांनी ठरवावे, की ही बादली आमची. रविवारची ही वीस मिनिटे आमची. एवढे ठरवता येत नसेल तर मासे आणू नयेत. जिथे पिण्याच्याच पाण्याची मारामार आहे तिथे ही हौस पुढे ढकलावी. त्यात कमीपणा नाही. शाळेत, बुद्धविहाराच्या वाचनालयात सगळ्या मुलांची मिळून एक टाकी ठेवता येईल. काम वाटून घेता येते आणि पाहणारेही जास्त असतात.

रोजचे आणि अडीअडचणीचे

सुरुवातीला सहा झेब्रा आणा. पंधरा-वीस दिवस नीट गेले की आणखी चार. पिशवी आधी वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी घाला, आणि जाळीने फक्त मासे टाकीत सोडा. दुकानाचे पाणी टाकीत ओतू नका. पुढे नवे मासे आणाल तेव्हा दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवून बघा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो संसर्ग आहे, दृष्ट नव्हे.

खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. पोळी, बिस्कीट, भात टाकू नका. आजीच्या मायेने मासा उपाशी मरत नाही, तो जास्त खाण्याने मरतो. आठवड्यात एक दिवस काहीच दिले नाही तरी चालते.

डासांचा फवारा खोलीत मारू नका, त्यातली औषधे माशांना फार जहरी असतात. नगरपालिकेची धुराची गाडी गल्लीत आली, की मोटर बंद करा आणि टाकीवर ओले कापड टाका. धूर गेल्यावर दारे-खिडक्या उघडून मगच मोटर लावा. आणि मासे नसतील तेव्हा टाकी कोरडी ठेवा. रिकाम्या टाकीतले साचलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचे घर.

कंटाळा आला म्हणून मासे नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. तळ साफ करतो म्हणून विकला जाणारा काटेरी "सकर" मासा लोकांनी असाच सोडला. आज तो देशातल्या अनेक नद्या-तळ्यांत पसरला आहे. मासेमारांची जाळी फाडतो आणि खाण्याच्या माशांची जागा घेतो. आपली दया दुसऱ्याच्या पोटावर पाय ठरू नये. मासे दुकानदाराला परत करा किंवा ओळखीच्या घरी द्या.

मुलाच्या हातात वही द्या

टाकीशेजारी एक दहा रुपयांची वही ठेवा. तारीख, पाणी कधी बदलले, किती खाद्य दिले, कोणता मासा कसा वागला, हे मुलाने रोज दोन ओळींत लिहावे. मासा मेला तर तेही लिहावे, आणि मागची पाने उलटून कारण शोधावे. "पीडा गेली" म्हणणाऱ्या घरात मूल काही शिकत नाही. "गुरुवारी खाद्य जास्त पडले, शनिवारी पाणी गढूळ झाले" असे लिहिणारे मूल विज्ञान शिकते. शिकवणीची फी न भरता!

हा झेब्रा मासा काही लहानसहान प्राणी नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर काम चालते. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही चालते. त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात, आत हृदयाचे ठोके सुरू होताना सूक्ष्मदर्शकातून दिसतात. त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढते, हे २००२ साली सिद्ध झाले. माणसाच्या साधारण ७० टक्के जनुकांचा जोडीदार या माशात सापडतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या खोलीतल्या मुलीला हे कळले, की ज्या माशाला मी खाद्य टाकते त्याच माशावर मोठमोठे शास्त्रज्ञ काम करतात, तर प्रयोगशाळेचे दार तिला तितके लांबचे वाटणार नाही.

प्राणिमात्रांशी मैत्रीने वागा, हे आपण विहारात ऐकतो. मैत्री म्हणजे नुसता कळवळा नव्हे. ज्याला आपण काचेत कोंडले, त्याला काय हवे हे माहीत करून घेणे आणि ते त्याला रोज देणे, म्हणजे मैत्री. तेव्हा या रविवारी बाजारात गेलात तर टाकी, वाळू आणि फिल्टर घ्या, मासे घेऊ नका. मुलाला वहीत पहिली तारीख घालू द्या. मासे दीड महिन्याने आणा, आणि आणाल तेव्हा सहा आणा.